पाणी काय म्हणतंय

नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळच्या वेळी कुणी गेलं, तर त्याला हमखास एक दृश्य दिसायचं. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड केसांच्या एक बाई पांढरा एप्रन घालून भर रस्त्यात उभ्या आहेत आणि मान वर करून पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी बोलताहेत. ‘अहो, नळ्या बर्फात ठेवल्यात का?’ असं त्या विचारत आणि आतून मी ‘हो बाई’ म्हणत असे. खालचा पुस्तकबांधणीवाला मान वर न करता आपले कागद शिवत राही. नवख्या माणसाला कळत नसे, की शेजारीच जिना असताना या बाई वर का जात नाहीत.

वर जात नसत, कारण त्या दिवशी त्या तिसऱ्या खोलीत जाऊन आलेल्या असत.

बाईंच्या प्रयोगशाळेत तीन खोल्या होत्या आणि त्यांचा रस्ता एकेरी होता. पहिल्या खोलीत रसायनं मिसळायची, दुसरीत रुग्णाच्या रक्तातून डीएनए काढायचा, तिसरीत, खाली मागच्या बाजूला, यंत्र. त्या यंत्रात विषाणूच्या डीएनएचा एखादा तुकडा जरी असला, तरी त्याचे दोन-अडीच तासांत कोट्यवधी तुकडे होत आणि मग तो दिसे. पण यातच धोका होता. तिसऱ्या खोलीतला एक कण जरी कुणाच्या बाहीवरून, केसांतून पहिल्या खोलीत गेला, तर उद्याच्या प्रत्येक नळीत तोच वाढणार आणि ज्याच्या अंगात काही नाही त्याच्याही रक्तात विषाणू सापडणार. म्हणून तिसऱ्या खोलीत पाऊल टाकलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्या खोलीत यायचं नाही, असा नियम होता. तो बाईंनाही लागू होता.

पुण्यात तेव्हा हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या. बाहेरून यंत्रं मागवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं होतं. त्या सुमारास बाईंनी सरकारी कॉलेजातली प्राध्यापकी सोडली आणि हे यंत्र आणून बसवलं. आमच्याकडे मुख्यतः एकाच विषाणूची चाचणी होई. सायटोमेगॅलो असं त्याचं लांबलचक नाव, आम्ही सीएमव्ही म्हणायचो. धडधाकट माणसाला तो काही करत नाही. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासून निजलेला असतो. पण किडनी बदललेला रुग्ण घ्या. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. ती दबली की हा उठतो आणि माणसाला खातो.

मी वर्ध्याकडची. एमएस्सी झाल्यावर पुण्यात आले आणि बाईंकडे लागले. पहिल्याच दिवशी खालचा बांधणीवाला म्हणाला, ‘सोवळ्यातल्या बाईंकडे लागलात वाटतं?’ तो सहज म्हणाला होता; सगळी गल्लीच तसं म्हणे. पण माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतलेली. सोवळं हा शब्द आमच्या घरात कुणी हसत उच्चारत नसे. मी वर गेले आणि काय ऐकलं ते बाईंना सरळ सांगून टाकलं. नोकरी करायची की नाही हे मला तिथेच ठरवायचं होतं.

बाईंनी हातातलं काम थांबवलं. मग म्हणाल्या, ‘सोवळ्यात दुसऱ्याचा विटाळ मानतात. इथे सगळ्यात आधी माझा होतो. म्हणून तर मी रस्त्यात उभी राहते.’ एवढं बोलून त्यांनी मला हातमोज्यांची पेटी कुठे असते ते दाखवलं. मी राहिले.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. पहिल्या खोलीत पंखा नव्हता, कारण वाऱ्याने कण उडतात. एप्रिल-मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असू. गजरा, बांगड्या, अत्तर, सगळ्याला बंदी. झाडणाऱ्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत त्या प्रत्येकाला ‘अहो’ म्हणत आणि प्रत्येकाला सारखंच टोचून बोलत. माझी ओढणी एकदा टेबलाला लागली, तर म्हणाल्या, ‘पताका लावायची असेल तर गॅलरीत लावा.’ दुपारी जिन्याच्या मधल्या चौकात उभ्यानेच दहीभात खात, कारण ती जागा कुठल्याच खोलीत मोडत नव्हती.

आणि त्यांचं ते पाणी. प्रत्येक वेळी रुग्णांच्या नळ्यांबरोबर एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची लावायची. पाण्यात विषाणू नसतो; तेव्हा त्या नळीत काही दिसता कामा नये. दिसलं, तर आपलंच काम घाण आहे आणि त्या दिवसाचे सगळे निकाल टाकून द्यायचे. मी कधी उत्साहात धावत आले, की बाई, सापडला, तर त्या कुठल्या रुग्णात सापडला हे विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. ‘पाणी काय म्हणतंय?’

रुग्णाचं नाव त्यांना निकालाआधी चालत नसे. नळीवर नुसता नंबर. ‘नाव कळलं की डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं,’ असं त्यांचं म्हणणं. ‘निगेटिव्ह’ हा शब्दही त्या लिहू देत नसत. ‘आढळला नाही’ असं लिहायचं. मला सुरुवातीला हा नुसता शब्दांचा कीस वाटे.

एकदा पाणी बोललंच. पाण्याच्या नळीतही विषाणू असल्याची स्वच्छ, ठसठशीत पट्टी दिसली. बाईंनी दोनदा पाहिलं, यंत्र बंद केलं आणि फोन घेऊन बसल्या. त्या आठवड्यात ज्या ज्या डॉक्टरांना निकाल दिले होते त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः सांगितलं, की आमची प्रयोगशाळा दूषित झाली आहे, आमच्या निकालांवर विश्वास ठेवू नका. त्यातल्या एका रुग्णाला आमच्या निकालावरून विषाणूचं कडक औषध सुरू झालेलं होतं, आणि ते बहुधा विनाकारण होतं. किडनी बदलणाऱ्या एका नामांकित डॉक्टरांचा तो रुग्ण. ते फोनवर एवढंच म्हणाले, ‘म्हणजे तुमच्या लॅबला सर्दी झाली की माझा पेशंट आजारी.’ बाई म्हणाल्या, ‘हो.’ पुढे कितीतरी दिवस आम्ही भिंती, टेबलं, दारांच्या मुठी ब्लीचने पुसत होतो. जुनी रसायनं सगळी टाकून दिली. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं, असं आमच्या हिशेबनीसांनी एकदा सुचवून पाहिलं. बाईंनी त्यांच्याही हातात फडकं दिलं.

पुढे मोठ्या साखळीवाल्या प्रयोगशाळा आल्या. त्यांची यंत्रं विषाणू मोजून आकडा देत आणि त्यांची माणसं दुचाकीवरून शहरभर नमुने गोळा करत. बाईंनी काही वर्षं तग धरला, मग बंद केलं. मी वाघोलीकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. वर्गात शुद्ध पाण्याची नळी का लावायची हे मी सांगू लागले की मुलं जांभया देतात. मग मी त्यांना एका गुरुवारची गोष्ट सांगते.

एक नमुना आदल्या दिवशी आला होता. यंत्राचं काम रात्री उशिरा संपलं आणि सकाळी बाईंनी तिसऱ्या खोलीत तो पाहिला. जेलीच्या पातळ वडीवर वीज सोडायची, मग तिच्यावर जांभळा दिवा धरायचा. विषाणू असेल तर त्याच्या ठरलेल्या जागी पट्टी चमकते. मी दारातूनच पाहत होते. पाणी स्वच्छ होतं. रुग्णाच्या जागी काहीच नव्हतं. मी म्हटलं, ‘आढळला नाही.’

बाईंनी दिवा पुढे सरकवला. त्यांची आणखी एक खोड होती. प्रत्येक रुग्णाच्या नमुन्याचा थोडा भाग वेगळा काढून त्यात आपल्याकडचा विषाणूचा डीएनए त्या मुद्दाम घालत. या नळीला त्या साक्षीदार म्हणत. त्यात पट्टी दिसलीच पाहिजे, कारण विषाणू आपणच घातलेला आहे. त्या दिवशी साक्षीदाराच्या जागीही अंधार होता.

‘हा नमुना काहीच सांगत नाहीये,’ बाई म्हणाल्या. ‘कुणीतरी याचा गळा धरलाय.’

त्यांनी रुग्णालयात फोन लावला. फोन त्याच सर्दीवाल्या डॉक्टरांनी घेतला. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं, पण बाईंनी नंतर सगळं सांगितलं. रुग्ण सव्वीस वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. आईने किडनी दिली होती. काही आठवड्यांनी ताप आला, पांढऱ्या पेशी घसरल्या आणि नवी किडनी काम कमी करायला लागली. यातून दोनच गोष्टी निघत होत्या. एक तर शरीर किडनी नाकारतंय, किंवा हा विषाणू आहे. सुईने किडनीचा तुकडा काढून पाहता आलं असतं, पण रक्त गोठवणाऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की रक्तस्राव थांबला नसता. नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबणारं जबर इंजेक्शन ताबडतोब द्यायला हवं, नाहीतर आईची किडनी गेली. आणि विषाणू असेल, तर त्याच इंजेक्शनने मुलगा जाणार.

डॉक्टर म्हणाले होते, मला हो किंवा नाही पाहिजे. दुपारी इंजेक्शन सुरू करतोय.

बाईंनी विचारलं, रक्त कुठून काढलं होतं? मानेतल्या नळीतून, असं उत्तर आलं. डायलिसिससाठी मानेत बसवलेली ती नळी रक्त गोठून बंद पडू नये म्हणून तिच्यात हेपॅरिन सोडतात. ते थोडं जरी रक्तात आलं तरी आमची चाचणी मुकी होते. बाईंनी फोन ठेवला, बर्फाची पेटी उचलली आणि मला म्हणाल्या, ‘तुमची गाडी काढा.’

माझ्या स्कूटीवर मागे बसून, पेटी मांडीवर धरून त्या रुग्णालयात आल्या. निकालाआधी रुग्णाचं नाव न ऐकणाऱ्या बाई त्या दिवशी सरळ त्याच्या पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलाचा चेहरा सुजलेला होता, ओठ फुटले होते. त्याने आम्हाला पाहिलं आणि म्हणाला, ‘परत टेस्ट? सिस्टिम रीस्टार्ट करून बघताय का मॅडम?’ बाईंना ते कळलं नाही. ‘नाही,’ त्या गंभीरपणे म्हणाल्या, ‘आधीचा नमुना खराब होता.’

वॉर्डातले निवासी डॉक्टर म्हणाले, मी काढून देतो. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. कितीतरी वर्षांत त्यांनी कुणाचं रक्त काढलेलं नव्हतं. दोन्ही हात त्यांनी बराच वेळ चाचपले, मग मनगटाच्या मागे एक शीर सापडली. रक्त आलं. पण थांबेना, तेव्हा त्यांनी त्यावर कापूस धरून अंगठा दाबला आणि तशाच उभ्या राहिल्या.

त्याची आई पलंगाच्या पायथ्याशी होती. यवतमाळकडची बाई. कुशीतली जखम अजून भरत असल्यामुळे एका बाजूला कलून बसलेली. ती उठू लागली तेव्हा मी ‘बसा ना वो’ म्हटलं; ती आमच्याकडची बोली ऐकून तिला जरा धीर आला असावा. ती बाईंना म्हणाली, ‘माही किडनी त्याले पटली नाही का वो? डॉक्टर म्हणे, त्याचं आंग तिले नाही म्हणून रायलं.’

मी काही बोलणार होते. बाईंनी आधी उत्तर दिलं. ‘ते अजून कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. कळलं की मी स्वतः येऊन सांगेन.’

कॉरिडॉरमध्ये ते डॉक्टर भेटले. ते काही आडमुठे नव्हते. दोन दिवस झोपले नसावेत असे दिसत होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

‘मागे तुमचं “हो” खोटं निघालं,’ ते म्हणाले. ‘आज तुम्ही म्हणताय “माहीत नाही”. मी औषध कशावर देऊ, मॅडम?’

‘संध्याकाळी जे सांगेन त्यावर.’

‘आणि तोवर किडनी गेली तर?’

‘तर मी थांबायला सांगितलं होतं, असं त्याच्या आईला सांगा.’

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, ‘सहापर्यंत. त्यापुढे नाही.’

परत येताना माझ्या लक्षात आलं, की आता काम करायला कुणी नाही. बाई सकाळी तिसऱ्या खोलीत होत्या, मीही दारात उभी होते, आणि आमची तिसरी सहकारी रजेवर. पहिल्या खोलीत जायला नियमाने कुणीच उरलं नव्हतं. मला वाटलं, आज बाई नियम बाजूला ठेवतील. त्यांनी मला त्यांच्या घरी नेलं. घर पुढच्याच गल्लीत होतं, पण मी तिथे कधी गेले नव्हते. त्यांनी बंबातलं गरम पाणी काढून दिलं, साबण दिला आणि म्हणाल्या, ‘केसांवरून. दोनदा. ती जेलीची वडी मी हातात धरली होती, तुम्ही नुसती पाहिलीत. तेव्हा काम तुम्ही करायचं. शिवाय माझे हात आता थरथरतात. शीर सापडली ते नशीब.’ मी न्हाऊन आले तर त्यांनी स्वतःचा धुतलेला सलवार-कमीज बाहेर ठेवला होता. मला तो ढगळ झाला. ओल्या केसांवर टोपी चढवून मी पहिल्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

गुरुवार म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार. दिवे गेले, मी खिडकीच्या उजेडात काम करत होते. यंत्राला बॅटऱ्या होत्या, पण त्या किती टिकतील कोण जाणे. नळ्या भरताना मला गल्लीतून बाईंच्या आवाजाची सवय होती, हे घातलं का, ते हलवलं का. मधेच वाकून खाली पाहिलं तर त्या उभ्या होत्या, माझ्या खिडकीकडे बघत. त्या दिवशी त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. एकदा वाटलं, पाण्याची नळी लावली की राहिली? थांबून सगळं पुन्हा मनात मोजलं. लावली होती.

नळ्या दुसऱ्या खोलीतून तिसरीत गेल्या. तिथे बाई आल्या होत्या. यंत्र चालू झालं. आम्ही दोघी स्टुलावर बसून त्याची घरघर ऐकत होतो. वीज आली, पुन्हा गेली, यंत्र चालत राहिलं. बाईंचा दहीभात चौकात तसाच झाकून होता.

जांभळा दिवा लावला तेव्हा सहाला थोडाच वेळ होता. मी थेट रुग्णाच्या जागेकडे पाहायला लागले. बाईंनी माझ्या डोळ्यांसमोर हात धरला.

‘पाणी काय म्हणतंय?’

पाणी स्वच्छ होतं. साक्षीदाराच्या जागी पट्टी होती. म्हणजे या वेळी नमुना बोलत होता. आणि रुग्णाच्या जागी, जिथे असायला हवी नेमकी तिथे, बारीक पण सरळ पट्टी होती. बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं आणि एकटीने पुन्हा पाहिलं. मग फोन लावला.

‘आढळला,’ त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ‘हो. पाणी स्वच्छ आहे. आज सर्दी नाही.’ मग बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. इंजेक्शन दिलं गेलं नाही. त्याच संध्याकाळी विषाणूचं औषध सुरू झालं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली गेली.

दुसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे बाई मला घेऊन त्या मुलाच्या आईला भेटायला निघाल्या. रुग्णालयाच्या जिन्यात ते निवासी डॉक्टर भेटले. ते उत्साहात सांगू लागले, की आम्ही जुन्या तपासण्यांचे कागद काढून पाहिले. आईच्या रक्तात या विषाणूच्या जुन्या खुणा आहेत, मुलाच्या रक्तात ऑपरेशनआधी नव्हत्या. म्हणजे तो किडनीबरोबरच आला असणार, असं बऱ्याचदा होतं, पुस्तकात असतं अगदी तसं. बाईंनी ऐकून घेतलं. वर जाताना त्यांची चाल मंदावली.

बाई खोटं बोलत नसत. दया म्हणूनसुद्धा नाही. ते मला पुरतं माहीत होतं, आणि म्हणून वॉर्डाच्या दारात मी दोन पावलं मागे राहिले.

बाईंनी आईसमोर स्टूल ओढलं आणि सांगितलं, की मुलाच्या रक्तात विषाणू सापडला आहे, ताप त्याचाच आहे, त्यावर औषध आहे. तुमची किडनी त्याच्या शरीराने नाकारली असं आता डॉक्टरांना वाटत नाही. आईने पदर तोंडाला लावला. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, ‘मंग हा आला कुठून?’

मी बाईंकडे पाहिलं.

‘तो बहुतेक माणसांच्या अंगात असतो,’ बाई म्हणाल्या. ‘माझ्या असेल, या बाईंच्या असेल. कुठून आला ते आमच्या चाचणीत दिसत नाही.’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आई मान डोलावत राहिली. बाई उठल्या, मुलाच्या मनगटावरचा काळा-निळा डाग पाहिला, त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि निघाल्या. आम्ही गाडीशी आलो. मी किल्ली फिरवली तेव्हा त्या मागून म्हणाल्या, ‘तुम्ही उद्या तिला भेटायला जाणारच. तुमची बोली एक आहे, ती तुम्हाला पुन्हा विचारेल. मी बोलले तेवढंच बोला.’

मी जात राहिले. ताप उतरायला बरेच दिवस लागले. किडनी पूर्वीइतकी जोमात आली नाही, पण टिकली. मुलगा आधी पलंगाच्या कडेला बसू लागला, मग कॉरिडॉरमध्ये चालू लागला आणि कंपनी पुन्हा घेईल का याची काळजी करू लागला, तेव्हा आम्हाला तो बरा होतोय असं वाटलं. आईने मला माझं गाव, घरची माणसं, लग्नाचं काय, सगळं विचारलं. हा आला कुठून, ते मात्र पुन्हा विचारलं नाही.

घरी जायच्या दिवशी ती पिशव्या भरत होती. मुलगा खाली गाडी आली का बघायला गेला होता. तिने पिशवीची गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तुमच्या मॅडम खोटं नाही बोलत ना वो?’

‘नाही बोलत,’ मी म्हणाले.

‘मंग बरं झालं,’ ती म्हणाली, आणि पिशवी उचलायला वाकली. मी ती तिच्या हातातून घेतली.